सुरकुत्यांच्या कुत्र्याला तेल नको, कोरडे फडके हवे

वाचकहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा धुऊन त्याला हळद-तूप चोळतो. खांदेमळणी म्हणतात तिला. वर्षभर जू वाहून खांद्याची कातडी राठ झालेली असते, तुपाने ती मऊ पडते, बैलाला बरे वाटते. ही रीत चांगलीच आहे. पण हीच रीत मी एका कुत्र्याच्या तोंडाला लावायला सांगितली आणि त्या मुक्या जनावराचा डोळा जाता जाता राहिला. चूक माझी होती. म्हणूनच आज सोयाबीन-तुरीचा विषय बाजूला ठेवून कुत्र्याच्या कातडीवर लिहितो आहे.

गोष्ट २०२२ च्या आषाढातली. लातूर जिल्ह्यातील माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी मी सोयाबीनवरची खोडमाशी पाहायला गेलो होतो. पाऊस लागून राहिलेला. निवृत्त गुरुजींच्या ओसरीवर चहाला टेकलो, तर खाटेखालून एक बसक्या नाकाचे, बटबटीत डोळ्यांचे, कपाळाला आठ्या घातलेले कुत्रे घोरत बाहेर आले. नाव बंड्या. गुरुजींचा मुलगा पुण्याला नोकरीला. २०२० च्या टाळेबंदीत नातवाला करमेना म्हणून त्याने पग जातीचे हे पिलू आणले. पुढे कचेऱ्या सुरू झाल्या, शाळा सुरू झाली, फ्लॅटला दिवसभर कुलूप. मग बंड्या गावी आला.

"साहेब, तुम्ही शेतीचे डॉक्टर," गुरुजी म्हणाले, "ह्याच्या तोंडाला लई घाण वास यायलाय. बघा जरा."

काकू आतून म्हणाल्या, "नातवाचा जीव अडकलाय त्याच्यात, नाहीतर कवाच रानात सोडून द्या म्हणले असते. घरात बसू वाटंना झालंय."

मी वाकून पाहिले. नाकावरची कातडीची वळी बोटाने उचलली, तर आत लालभडक, ओले आणि तपकिरी चिकट घाण. मी शेतीची पदविका घेतलेला माणूस, पशुवैद्य नव्हे. तिथे तसे सांगून मोकळे व्हायला हवे होते. पण गावात साहेब म्हटले की प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, अशी सवय जडते. बुरशीनाशकाचे प्रमाण सांगावे तशा ठसक्यात मी सांगून टाकले, "काकू, खोबरेल तेलात हळद कालवा आणि दोन वेळा घडीत भरा. आठ दिवसांत बरं होतंय."

बाराव्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "साहेब, बंड्या डावा डोळा उघडंना."

बैलाचा खांदा आणि कुत्र्याची घडी

आम्ही त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळ्यात केशरी रंगाचे औषध सोडून पाण्याने धुतले आणि निळा प्रकाश टाकला. बुबुळावर एक ठिपका हिरवागार चमकला. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला झालेली ती जखम होती. घडीतली खाज सहन होईना म्हणून बंड्या तोंड खाटेच्या पायाला घासत होता. शिवाय तेलाने चिकटलेले घडीवरचे केस डोळ्याला टोचत होते.

डॉक्टरांनी मला एका वाक्यात शहाणे केले. "बैलाचा खांदा उघडा असतो, त्याला वारा-ऊन लागतं. ही घडी म्हणजे झाकण लावलेला डबा आहे. त्यात तेल ओतलं तर आतली ओल जाणार कुठून?"

वाचकहो, साऱ्या लेखाचे सार या वाक्यात आहे. ओला कडबा गंजीला लावला तर काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. वरून गंजी छान दिसते, आतून गरम होते, बुरशी धरते, हात घातला की वास येतो. कुत्र्याच्या घडीचे तसेच आहे. कातडीला कातडी घासते, आत ऊब असते, वारा लागत नाही. डोळ्यातले पाणी, लाळ, सांडलेले दूध, पावसाचे थेंब आत साचतात. निरोगी कातडीवरही थोडे जंतू व यीस्ट असतातच. कोरड्या कातडीवर ते गप्प असतात, ओल मिळाली की वाढतात. मग कातडी लाल होते, सोलते, पाझरते आणि आंबूस वास सुटतो. हा वास कुत्र्याचा नाही, साचलेल्या ओलीचा आहे. म्हणून वास आला की कुत्र्याला घराबाहेर काढू नका, ओलीला घडीबाहेर काढा.

ही सुरकुती आली कुठून?

पग मूळचा चीनचा. तिथल्या राजघराण्यांत मांडीवर बसवायचे कुत्रे म्हणून ही जात जोपासली गेली. कपाळावरच्या आठ्यांत 'राजा' हे चिनी अक्षर दिसावे अशी शौकिनांची हौस असे, असे सांगतात. पुढे व्यापाराच्या जहाजांतून तो हॉलंडला गेला. हॉलंडचा विल्यम व त्याची राणी मेरी १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आले, तेव्हा पगही तिथे मानाला चढला. पिढ्यान्‌पिढ्या चपट्या तोंडाची निवड करत गेल्याने जबड्याचे हाड आखूड झाले, वरची कातडी मात्र त्या मानाने कमी झाली नाही. उरलेल्या कातडीच्या वळ्या पडल्या. मापापेक्षा मोठा सदरा घातला की चुण्या पडतात, तसे हे.

आपल्याकडे २००३ मध्ये हच या मोबाईल कंपनीची जाहिरात आली. लहान मुलाच्या मागे मागे जाणारा तो पग घरोघर माहीत झाला. खेड्यात अजूनही काही जण पगला 'हचचं कुत्रं' म्हणतात. कंपनीचे नाव पुढे बदलले, जाहिराती गेल्या, पण कुत्र्याची हौस राहिली. बुलडॉग आणि फ्रेंच मॅस्टिफ यांच्या तोंडालाही वळ्या असतात, आणि मॅस्टिफची लाळ गळत असल्याने ओठाजवळची घडी सदा ओली राहते. चीनच्याच शार-पे जातीत तर कातडीत हायल्युरॉनिक आम्ल जास्त साठते, त्यामुळे साऱ्या अंगावर जाड वळ्या पडतात. जात कोणतीही असो, घडी आहे तिथे निगा आली.

आपले कारवान, पश्मी किंवा शेजारच्या कर्नाटकातले मुधोळ पाहा. लांब तोंड, अंगाला घट्ट बसलेली कातडी. पाऊस पडला तरी अंग झाडले की निम्मे काम झाले. त्यांना हा त्रास सहसा होत नाही. गावठी कुत्र्यालाही नाही. म्हणूनच गावात कुणाला या निगेचा सराव नाही, आणि पग आला की माझ्यासारखे शहाणे तेल सांगतात.

घडी कोणकोणती पाहावी?

नाकावरची घडी तर दिसतेच, पण तेवढ्यावर थांबू नये. पुढील जागा आठवड्यातून एकदा तरी उजेडात बसून पाहाव्यात.

• नाकावरची वळी आणि डोळ्याखालचा कोपरा.
• ओठाच्या कडेची घडी.
• मानेखालची लोंबती कातडी.
• शेपटीच्या मुळाशी, विशेषतः बुलडॉगमध्ये. तिथे शेपटी आत वळून खोलगट खाच तयार होते.
• मादीच्या लघवीच्या जागेभोवतीची घडी. लठ्ठ मादीत ती फार खोल जाते.
• पायाच्या बोटांच्या बेचक्या आणि कानाची आतली बाजू.

निरोगी घडी आतून फिकी गुलाबी, कोरडी आणि बिनवासाची असते. फडके फिरवले तर थोडा मळ येतो, पण ओल येत नाही. लालसरपणा, केस झडणे, तपकिरी किंवा पिवळा चिकटा, वास, हात लावताच मान काढून घेणे ही बिघाडाची लक्षणे आहेत.

घडी कशी पुसावी?

डॉक्टरांनी आम्हाला शिकवलेली रीत सोपी आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

१. आधी हात साबणाने धुवावेत. जुन्या धोतराचे किंवा सुती लुगड्याचे मऊ तुकडे धुऊन, उन्हात वाळवून डब्यात ठेवावेत. कापसाचे तंतू घडीत अडकतात, म्हणून सुटा कापूस टाळावा.

२. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा पाऊण चमचा मीठ विरघळवावे आणि कोमट होऊ द्यावे. हे पाणी रोज ताजे करावे, उरलेले ओतून द्यावे. मेडिकलमधले सलाईनचे पाणीही चालते.

३. कुत्र्याला मांडीवर किंवा दोन पायांत धरून बसावे. एका हाताच्या बोटांनी वळी हळूच उचलावी. दुसऱ्या हाताने, पिळून घेतलेल्या ओलसर फडक्याने आतून पुसावे. पुसण्याची दिशा डोळ्यापासून लांब जाणारी असावी. चोळू नये, घासू नये. वाळलेली खपली नखाने काढू नये, ओले फडके थोडा वेळ दाबून धरले की ती आपोआप सुटते.

४. आता मुख्य काम. दुसरे, पूर्ण कोरडे फडके घेऊन घडीचा तळ टिपून घ्यावा. आतून बोट फिरवले तर ओल लागता कामा नये. पुष्कळ जण ओल्या फडक्याने पुसतात आणि कोरडे करायचे विसरतात. अशा पुसण्यापेक्षा न पुसलेले बरे, कारण आपणच आत पाणी घालून ठेवतो.

५. दोन घड्यांना एकच फडका वापरू नये. एका घडीतली घाण दुसरीत जाते.

६. शेवटी कुत्र्याच्या तोंडात एक लहानसा खाऊचा तुकडा द्यावा. रोज त्याच वेळी, त्याच जागी हे केले की आठ-पंधरा दिवसांत कुत्रे स्वतःहून येऊन बसते.

किती वेळा पुसावे? घडी उथळ आणि निरोगी असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. खोल असेल, डोळे पाझरत असतील किंवा पावसाळा असेल तर रोज. जेवण आणि पाणी झाल्यावर तोंड कोरड्या फडक्याने टिपले तर निम्मा त्रास वाचतो.

घडी आधीच बिघडलेली असेल तर डॉक्टर क्लोरहेक्झिडिन असलेले द्रावण किंवा पुसणी देतात, यीस्ट असेल तर त्यावरचे औषध देतात. ती जरूर वापरावीत, पण सांगितलेल्या प्रमाणात आणि डोळ्यापासून लांब. क्लोरहेक्झिडिन डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होते. म्हणून नाकावरच्या घडीला ते लावण्याआधी डॉक्टरांकडून एकदा रीत पाहूनच घ्यावी.

अंघोळ आणि साबण

गुरुजींनी वासाला कंटाळून बंड्याला रोज अंघोळ घालायला सुरुवात केली होती, तीही आपल्या अंगाच्या साबणाने. हेही चुकलेच. माणसाची कातडी थोडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानाने उदासीन. आपला साबण, डिटर्जंटची वडी किंवा भांड्याची पावडर त्याच्या कातडीला सोसत नाही, ती कोरडी पडून खाजते. रोजच्या अंघोळीने कातडीचे नैसर्गिक तेल जाते आणि घड्या मात्र दिवसभर ओल्या राहतात.

तीन-चार आठवड्यांतून एक अंघोळ निरोगी पगला पुरेशी आहे. कुत्र्यासाठीचाच शाम्पू घ्यावा. पाणी कोमट असावे. औषधी शाम्पू दिला असेल तर फेस करून साधारण दहा मिनिटे अंगावर ठेवावा, लगेच धुतला तर औषध काम करत नाही. डोके शेवटी, ओल्या फडक्याने पुसावे, तांब्याने पाणी ओतू नये. अंग टॉवेलने पुसून झाल्यावर प्रत्येक घडी, कान आणि बोटांच्या बेचक्या वेगळ्याने टिपाव्यात. अंघोळ सकाळी घालावी म्हणजे दिवसाचा वारा मिळतो. पगचे केस आखूड असले तरी भरपूर गळतात, म्हणून दिवसाआड मऊ रबरी ब्रश फिरवावा. ब्रश फिरवताना गोचीड, पिसवा आणि पुरळही हाताला लागते.

हे घडीत लावू नये

गावोगाव फिरताना कुत्र्याच्या कातडीवर लोक काय काय लावतात, हे पाहून अंगावर काटा येतो. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. पण पुढील गोष्टी कृपया टाळाव्यात.

• तेल, तूप, हळदीचा लेप. ओल आत कोंडते, हे वर सांगितलेच. हळद वाईट नाही, ती बसवायची जागा वाईट.
• टाल्कम पावडर. वाटते की ओल शोषेल. प्रत्यक्षात ओलीत मिसळून तिचा चिखल होतो आणि कातडीला घासतो.
• रॉकेल, जळके इंजिन ऑईल, फिनेल. लुतीवर जळके ऑईल लावायची फार जुनी सवय आहे. कातडी भाजते, आणि कुत्रे अंग चाटते तेव्हा विष पोटात जाते.
• जनावरांच्या गोठ्यात फवारायचे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात टाकून. बैलाचे वजन चारशे किलो, पगचे आठ किलो. अंदाज चुकला तर जीव जातो.
• बीएचसी पावडर. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. जुन्या कोठीत डबा सापडला तरी तो वापरू नये.
• माणसाच्या खाजेच्या ट्यूबा. पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉईड असते. दोन दिवस लाली कमी दिसते, आत जंतू वाढत राहतात. डोळ्याला जखम असताना स्टेरॉईडचे थेंब पडले तर डोळा फुटण्याची वेळ येते. घरात कुणाचे उरलेले थेंब कुत्र्याच्या डोळ्यात कधीही घालू नयेत.
• झिंक ऑक्साईड असलेली मलमे व लोशन. कुत्रे चाटून खाते, ते त्याला विषारी ठरते.

लूत आणि घडीचा आजार वेगळे

सगळ्या खाजेला आपण लूत म्हणतो. यात गफलत होते. घडीचा आजार घडीतच राहतो, बाहेरची कातडी बरी असते. खरजेची लूत सूक्ष्म किड्यामुळे होते. ती कानाची कड, कोपर, पोट इथे सुरू होते, कुत्रे रात्रंदिवस खाजवते, शेजारच्या कुत्र्याला लागते आणि घरातल्या माणसांच्या हातालाही काही दिवस पुरळ येते. आणखी एका प्रकारच्या किड्याने पिलांच्या डोळ्याभोवती व पायावर केस जातात, पण खाज कमी असते आणि ती लूत दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि नेमका प्रकार सांगतात. तोवर गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुणाकडूनही टोचून घेऊ नये. गुरांसाठीचे ते औषध तीव्र असते, कुत्र्याचा डोस वेगळा, आणि मेंढपाळी कोली वंशाच्या काही कुत्र्यांना तर ते जीवघेणे ठरते.

वजन आणि ऊन

बंड्याला डॉक्टरांनी काट्यावर ठेवले तर तो अकरा किलो भरला. पगचे वजन साधारण सहा ते आठ किलो असावे. काकूंना विचारले तर सकाळी दूध-चपाती, दुपारी बिस्किटे, संध्याकाळी तुपाची पोळी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातचे वेगळेच. चरबी वाढली की घडी खोल जाते आणि श्वासही अडतो. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटाला लागाव्यात, ही खूण लक्षात ठेवा. दोन वेळा मोजून खाणे, गोड आणि तूप बंद. कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका कोणत्याच कुत्र्याला देऊ नयेत.

उन्हाळ्याचे तर विचारूच नका. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करते. पगचे नाकच आखूड, धापा तरी किती टाकणार? म्हणून त्याला सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावरच फिरवावे. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत पाच मिनिटेही ठेवू नये. गळ्यातला पट्टा श्वासनळी दाबतो, त्याऐवजी छातीवरून येणारा पट्टा वापरावा. जीभ गडद लाल किंवा निळसर झाली, लाळ गळू लागली, पाय लटपटले तर ते उष्माघाताचे लक्षण. लगेच सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. अशा वेळी घड्यांची काळजी नंतर, आधी जीव.

दवाखाना कधी गाठावा?

दोन-तीन दिवस नीट पुसून, कोरडे ठेवूनही वास किंवा लाली कमी झाली नाही तर. घडीतून पू किंवा रक्त आले तर. कुत्रे खाणे सोडून सुस्त पडले तर. आणि डोळा मिटून धरला, त्यातून पाणी गळू लागले, बुबुळ पांढुरके किंवा निळसर दिसू लागले तर त्याच दिवशी. "सकाळी बघू" म्हणू नये. पगचे डोळे बाहेर आलेले असतात, बुबुळाची जखम एका रात्रीत खोल जाऊ शकते.

काही कुत्र्यांत घडी इतकी खोल असते की कितीही पुसले तरी आजार फिरून येतो. तिथे जादा कातडी शस्त्रक्रियेने काढावी लागते. आपल्या उदगीरला आणि शेजारी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथे विचारणा करावी. जाताना लसीकरणाचा कागद सोबत न्यावा. रेबीजची लस पहिली तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी, हे सुरकुत्यांच्या कुत्र्यालाही तितकेच लागू आहे. ज्याच्या तोंडाला आपण रोज हात लावणार, त्याची लस चुकवून कसे चालेल?

घेण्याआधी विचार करा

कुणी पगचे पिलू घेऊ म्हणत असेल तर माझे सांगणे एवढेच. आधी त्याची आई पाहा. तिला श्वास नीट घेता येतो का, बसल्या जागी घोरते का, डोळे स्वच्छ आहेत का, घडीला वास आहे का? आई धापा टाकत असेल तर पिलूही तसेच निघण्याचा संभव मोठा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी लागते. पिशवीतून पिलू आणून बाजारात विकणाऱ्याकडून घेऊ नये.

आणि मनाशी एक हिशेब करा. रोजची पाच मिनिटे, पावसाळ्यात दहा, पुढची बारा-तेरा वर्षे. जमत असेल तरच घ्या. शेतावर राखणीला कुत्रे हवे असेल तर पग त्या कामाचा नाही. तिथे आपले गावठी किंवा कारवान बरे. पण पग घरात आलाच असेल, मुलाने आणून सोडला असेल, तर त्या जनावराचा त्यात काय दोष? त्याची सुरकुती माणसाने हौसेने घडवली आहे. ती पुसायचे कामही माणसाकडेच येते.

बंड्याचे काय झाले?

तीन आठवडे डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब, गळ्यात प्लास्टिकची कॉलर आणि रोज घडी पुसणे. हे सगळे काकूंनी केले, रानात सोडा म्हणणाऱ्या त्याच काकूंनी. डोळा वाचला. बुबुळावर एक पांढरा ठिपका तेवढा राहिला आहे. आठ महिन्यांत वजन साडेआठ किलोवर आले. वास गेला तसा बंड्याचा मुक्काम ओसरीवरून पुन्हा आतल्या खोलीत गेला.

त्यानंतरच्या पोळ्याला मी मुद्दाम गुरुजींकडे गेलो. आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. दारात बैलांचे खांदे मळणे चालू होते, हळद-तुपाची वाटी पायरीवर ठेवलेली. बंड्या येऊन वाटी हुंगू लागला. काकूंनी वाटी उचलून वर ठेवली, कमरेला खोचलेले सुती फडके काढले, बंड्याला दोन पायांत धरले आणि नाकावरची वळी उचलून कोरडी टिपून घेतली.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साहेब, तेल बैलाला, फडकं बंड्याला. आता तुम्हीच गावोगाव सांगत फिरा."

म्हणून सांगतो आहे. उद्या सकाळी चहा झाला की तुमच्या कुत्र्याची एक घडी उचलून पाहा. बोटाला ओल लागली, तर काम आजच सुरू करा.